उंबऱ्याबाहेरचा आवाज

कुंभकोणम,
८ जानेवारी २०२४

चि. सौ. जयश्रीस अ. उ. आ.

इकडील क्षेम. तुझं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले, उत्तर आत्ता लिहितें. रागावू नकोस. रागावलीस तरी पुण्याहून इथवर भांडायला यायची नाहीस, हे मज ठाऊक आहे.

बातमी मोठी आहे. आपल्या अक्षयाला बोलायचं यंत्र मिळालं! पाटीएवढं असतं, चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलतं. नात माझी दहा वर्षांची झाली. जन्मताना आई गेली आणि हिची जीभ अडकली ती अडकलीच, हात मात्र आता बरा वळतो. सरकारातून चाकांची खुर्ची आली होती. ह्या यंत्राकरता शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. साऱ्या शाळेत असं एकच. असल्या मुलांना शिकवायला सरस्वती टीचर म्हणून येतात, त्या म्हणतात की हिच्या पोटात किती बोलणं साठलंय ते आता कळेल.

फक्त ते बोलतं तमिळ. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही पाळलेला आपल्या घरचा नेम तू विसरली नसशील, उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी. अप्पांनी केवढ्या धाकानं तो पाळून घेतला! म्हणून शाळेतून आली की यंत्र पिशवीत घालून बाहेर तिण्णैवर, ओट्यावरच्या खुंटीला लावतें. आत आम्ही दोघी. मी बोलतें, ती ऐकते. सूर्या दर रविवारी मस्कतहून फोन करतो, बापाचा आवाज ऐकून ती हसते. तो फोन ठेवला की घर आणखीच मोठं वाटतं.

तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. म्हातारीला विसरू नये, इतकंच मागणं.
तुझी,
अंबुजाअक्का

पुणे,
२० जानेवारी २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी आनंदानं रडले, मग कपाळाला हात लावला. अगं, पोरीचं तोंड पिशवीत घालून खुंटीला टांगलंस की तू! अप्पांचा नेम तोंड असलेल्यांसाठी होता. तमिळ तर तमिळ, बोलू दे ना तिला!

मी लहान, तुला शिकवू नये, पण लिहिल्याशिवाय राहवेना. माझ्या नातीला, सीतालक्ष्मीला, हे सांगितलं तर तिनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला, जणू खुंटीला मीच टांगलं. गुडघे कुरकुरतात, पण चालतंय.

धाकटी म्हणून बोलणं पोटात घाल आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
जयू

कुंभकोणम,
१६ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. जयश्रीस अ. उ. आ.

तुज लिहायला काय जातं! तुझी सून मराठी, नात मराठी, दारात येणारा भाजीवालासुद्धा मराठी. सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर आपलीच भाषा. मज ह्या गावात ती ऐकवणारं कोण उरलंय? तुझे भावोजी गेल्यापासून मीच बोलतें आणि मीच ऐकतें. अक्षया ऐकते म्हणून तरी तोंड उघडतें, नाहीतर कधीच मुकी झालें असतें.

आणि आता भलतंच होऊन बसलं. शाळेत पालकांची सभा झाली. वर्गणीवाले आले होते. मुलगी घरी यंत्र किती वापरते, असं त्यांनी विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, आमच्या घरात तमिळ चालत नाही, यंत्र उंबऱ्याच्या आत येत नाही. मज वाटलं, कौतुक करतील! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शाळेत आणि घरी दोन्हीकडे वापर असेल तरच यंत्र द्यायचं, अशी त्यांची अट निघाली. आडुतुरैची एक मुलगी केव्हापासून वाट बघत आहे. एप्रिलात घरी येऊन बघणार आहेत. अक्षया घरात यंत्रानं बोलली नाही, तर ते तिकडे जाणार. दुसरं कुठून आणू? सूर्याचं कर्ज अजून फिटायचं आहे.

सरस्वती टीचरांनी तोड सांगितली. यंत्रात आपला आवाजही भरता येतो. म्हणून बसून मी मराठी शब्द भरले, पाणी, भूक, दुखतं, नको, आजी. अक्षयानं एकदा दाबलं. स्वतःच्या बोटाखालून माझा घोगरा आवाज आलेला ऐकून तिनं हात मागे घेतला आणि तोंड फिरवलं. पोरीला म्हातारीचा आवाज कशाला हवा? लहान मुलाचा हवा, हे मजही पटलं.

तेव्हा नाचियार्कोविलच्या बसनं जानकीराममामांकडे गेलें. त्यांची नात हिच्याएवढीच. तिला मराठी सगळं समजतं, आरती तोंडपाठ आहे, पण मज तहान लागली एवढं म्हण म्हटलं तर हसत सुटली आणि तमिळमध्ये उत्तर देऊन पळाली. मग आपल्या लोकांची राहिली होती ती घरंही पालथी घातली. जयू, आपली बोली बोलणारं एक पोर ह्या भागात मिळालं नाही गं. परत येताना बसमध्ये फार एकटं वाटलं.

रागानं लिहिलं असलं तरी माया तीच आहे.
अंबुजाअक्का

पुणे,
२ मार्च २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्राबद्दल कान धरते. मी इथे माणसांत बसून तुला उपदेश करत होते.

सीतालक्ष्मी म्हणते, अक्षयाताईला माझा आवाज घे. दोन दिवस बसून तिनं सगळे शब्द बोलून फोनवर पाठवलेत, टीचरांकडून यंत्रात भरून घे. आपल्या बोलीत म्हणवून घ्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण तिच्या तोंडी ती बसत नाही. पुणेरी आहे, चालवून घे. एवढ्यानं काम झालं तर देव पावला म्हणायचं.

उत्तराची वाट बघते, फार ताटकळत ठेवू नकोस.
तुझी,
जयू

कुंभकोणम,
२५ एप्रिल २०२४

चि. सौ. जयश्रीस अ. उ. आ.

उशीर झाला, सगळं सांगतें.

तुझ्या नातीचा आवाज भरला. किती गोड बोलते गं! अक्षयानं बोट ठेवलं, आवाज आला आणि ती दाराकडे बघायला लागली. कुणी मुलगी खेळायला आली असं तिला वाटलं. कितीतरी वेळ बघत होती. कुणी येईना, तेव्हा तिनं यंत्र सरकवून दिलं. मज रडू आवरेना.

सरस्वती टीचरांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की पहिल्या दिवशी त्यांनी यंत्रातले सगळे तमिळ आवाज अक्षयाला ऐकवले होते, आणि त्यातला एक तिनं स्वतः निवडला होता. हे मज कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तो तिचा आवाज होता. तिचा, आणि मी तो बाहेर चपलांजवळ टांगत होतें!

त्याच संध्याकाळी यंत्र आत घेतलं. अप्पांच्या फोटोला हात जोडले आणि समोर ठेवलं. अक्षया माझ्याकडे बघत राहिली, खरंच दाबू का म्हणून. मग आपल्या आजीला तमिळमधून म्हणाली, पाट्टी, जवळ बस. दहा वर्षांत मज कुणी जवळ बस म्हटलं नव्हतं, जयू.

टीचरांची शिकवायची रीत अशी, की आपणही तोंडानं बोलत तेच शब्द यंत्रावर दाबायचे. मूल ऐकून ऐकून वाक्य जोडायला शिकतं. मी मराठी बोलून चित्र तमिळचं दाबलं की ती गोंधळते. म्हणून आता दिवसभर तिच्याशी तमिळच बोलतें. वर्गणीवाले आले, तेव्हा तिनं त्यांच्यासमोर माझी तक्रार केली, पाट्टी रोज आंबट सांबार करते! सगळे पोट धरून हसले. यंत्र हिच्याकडेच राहिलं. आडुतुरैच्या मुलीकरता नवी वर्गणी काढणार आहेत, मीही दारोदार जाणार आहें.

घर भरल्यासारखं झालंय, खोटं कशाला बोलू. सकाळी उठल्यापासून पोर बोलत असते, भांडते, हट्ट करते. पण आपली बोली घरातून गेली. ती मीच माझ्या हातानं बाहेर काढली. पोरीकरता काढली, पुन्हा काढीन, तरी रात्री फार आठवते गं.

हे पत्र इथवर लिहून झालं ते मी मोठ्यानं वाचत होतें. ऐकायला कुणी नको, माझ्याच कानांना हवं म्हणून. अक्षयानं विचारलं, पाट्टी, कुणाशी बोलतेस? मी तिला तमिळमध्ये सांगितलं, माझ्या बहिणीशी.

तेव्हा पत्र लांब लिही. काही नसलं सांगायला तरी लिही. मज ते मोठ्यानं वाचायचं असतं.
तुझी,
अंबुजाअक्का