तीन धुराडी, तीन रंग

तीर्थस्वरूप अक्का,

वाकून नमस्कार. (गुडघा पूर्ण वाकू देत नाही, तेव्हा उरलेला नमस्कार मनातल्या मनात केला आहे.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का? माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे झोप लागत नाही आणि घास घशाखाली उतरत नाही, एवढंच.

आपली बोट वाचली, असं गेल्या पत्रात मी तुला मोठ्या ऐटीत कळवलं होतं. ते जरा घाईचं झालं.

विमानं आली आणि म्हातारीला (बोटीला म्हणतोय, तू अंगावर ओढून घेऊ नकोस) कुणी विचारेना. आधी तिचं हॉटेल केलं, मग गोदाम, मग जुन्या धक्क्याला बांधून सगळे विसरले. म्हणून आम्ही बचाव समिती काढली. समितीत एक कप्तान (होता तिसरा अधिकारी, पण निवृत्तीनंतर माणसाला आपोआप बढती मिळते), एक इतिहासाचे प्राध्यापक, ज्यांना धक्क्याला बांधलेल्या बोटीवरही मळमळतं, आणि तिच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात उभा जन्म ताटं वाढण्यात घालवलेला तुझा धाकटा भाऊ. तीन तिघाडा काम बिघाडा, हे तू तेव्हाच म्हणाली होतीस.

लोकांनी हात सैल सोडून देणग्या दिल्या आणि पहिल्याच सभेत प्रश्न निघाला, की बोट नटवायची ती कोणत्या काळातली? प्राध्यापक म्हणाले, पहिल्या सफरीची, म्हणजे धुराडी काळी. कप्तान म्हणाला, छे, लाल. कारण तो नोकरीला लागला तेव्हा ती लाल होती. आता मला विचारशील तर धुराडं पिवळंच. तू खाली लॉन्ड्रीत दिवसभर मेजपोशांना खळ लावायचीस आणि सुट्टी झाली की आपण त्या पिवळ्या धुराड्याच्या आडोशाला वारा चुकवत चहा प्यायचो, ते काय मी स्वप्नात पाहिलं? पण प्राध्यापकांकडे पुरावे होते आणि कप्तानाकडे आवाज होता. या वादात हिवाळा गेला, पाठोपाठ उन्हाळाही गेला. शेवटी धुराडी तीन, माणसं तीन, तेव्हा ज्याने त्याने आपापलं रंगवावं अशी तडजोड निघाली. (माझ्या पिवळ्याला रंगाचे दोन हात जास्त लागले.) लोक धक्क्यावर येऊन हसायचे. आम्हाला वाटायचं, कौतुक चाललंय.

इकडे राखणदार दर सभेला दारात येऊन सांगायचा, "साहेब, बुडात पाणी चढतंय, पंप बंद पडलाय." विषय महत्त्वाचा, म्हणून आम्ही तो दर वेळी पुढच्या सभेवर टाकला. तूही लिहिलं होतंस, रंग राहू दे, आधी तिचं बूड बघ. ते मी सभेत वाचून दाखवलं आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. (समितीचं एकमत तेवढं एकदाच झालं.) आधी कळस मग पाया म्हणतात, ते आम्ही पाण्यावर करून दाखवलं. मग एके सकाळी बघतो तर बोट एका कुशीवर कललेली. बंदराचे अधिकारी आले, बूड ठोकून पाहिलं, मान हलवली. इथेच बुडाली तर बंदराची वाट अडेल, म्हणून तिला भंगारात काढायचं ठरलं. भंगारवाला माणूस वाईट नाही. तो सगळी बोट फिरला, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत "काय काम आहे हो!" म्हणाला, आणि मग तोच कठडा कुठून कापायचा ते खडूने आखून गेला.

परवा मी शेवटचा आत जाऊन आलो. तुझ्या लॉन्ड्रीत इस्त्रीची लांब मेजं अजून आहेत, सगळी तिरकी. तिथेच बसलो आणि रडलो. अक्का, ती वाचली असती गं. पंपाला जे पैसे लागत होते ते आमच्या हातात होते, आणि ते आम्ही धुराड्यांना फासले.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नखांतला पिवळा रंग अजून न निघालेला धाकटा

ता.क. काल समितीची पुन्हा सभा झाली. आठवण म्हणून बोटीची छोटी लाकडी प्रतिकृती करायची आहे. धुराड्यांवरून सभा मोडली.

आणखी एक ता.क. गुरुवारी भरतीला तिला ओढून नेणार आहेत. कप्तान एका टोकाला उभा राहील, प्राध्यापक दुसऱ्या, आणि आम्ही बोलत नाही. मला एकट्याने ते बघवणार नाही. कंबर शेकून घे, पण बुधवारच्या गाडीने ये. एवढंच लिहायला बसलो होतो, बाकीचं वाढत गेलं. आणि आलीस की मला चांगलं झाडून काढ. इथे जो भेटतो तो माझी समजूतच काढतो.