पासमार्क अठराच

२ मार्च, सकाळी
ठरलं. ह्या वर्षी नर्सिंगच्या प्रॅक्टिकलला कुणाची गय नाही. वीसपैकी दहाला पास? म्हणजे अर्धा पेशंट वाचला की झालं? बावीस वर्षं शिकवतेय, ही थेरं चालायची नाहीत. पासमार्क अठरा. तिसऱ्या वर्षाची एक पोरगी, मी तिला 'प्रश्नावली' म्हणते, वर्गात सारखं 'असं का, मॅडम?' करते. तिचा ह्या निर्णयाशी काडीचा संबंध नाही.

५ मार्च
मीटिंग. प्राचार्यबाईंचं नवीन खूळ. जेमतेम पास होतील अशा शंभर मुली डोळ्यांसमोर आणायच्या. जखमेच्या ड्रेसिंगची एकेक पायरी त्यांतल्या कितीजणींना जमेल तो आकडा लिहायचा. सगळ्या ट्यूटरांच्या आकड्यांवरून पासमार्क. मी वीसपैकी अठरा पायऱ्यांना शंभर लिहिलं. दोन सोडल्या, मन मोठं आहे माझं. प्राचार्यबाई म्हणाल्या, अहो, मग त्या जेमतेम कशा? धाकट्या मॅडम हसल्या. दोन वर्षं झाली नाहीत नोकरीला. डोकं सणकलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, तुला तरी पडतील का अठरा? ताट जरा आपटूनच वाढलं.

९ मार्च
नवा हुकूम. परीक्षकांनी आधी स्वतः परीक्षा द्यायची. पासमार्क गाठला नाही तर परीक्षकाची खुर्ची नाही. उत्तम. मीच सुचवणार होते. सराव बिराव करणार नाही, तो नवख्यांनी करावा.

१२ मार्च
अकरा.
ग्लोव्हज एक साइज लहान होते. घड्याळ पाठीमागे. हात धुतले नाहीत म्हणे. घरून धुऊनच निघाले होते की. पलंगावरच्या पुतळ्याला 'दुखतंय का' विचारलं नाही म्हणून दोन मार्क कापले. प्लास्टिकला काय दुखणार? रागाच्या भरात जरा जोरात पट्टी ओढली, तर पुतळ्याचा पायच निखळला. सगळा माल हलका.
हे म्हणाले, अंगण वाकडं असेल.

१३ मार्च
आज मुलींसाठी जीव तोडून भांडले. कुठून कुठून येतात पोरी, एकेक वर्ष वाया जातं, माणसाला काळीज नको? पासमार्क अकरा ठेवा म्हटलं. प्राचार्यबाईंनी शांतपणे माझाच कागद पुढे सरकवला. अठरा. शेवटी सगळ्यांचा मिळून तेरा ठरला. धाकट्या मॅडमना सोळा होते. खुर्ची त्यांना. बावीस वर्षं माझी होती ती. बाथरूममध्ये जाऊन रडले, संतापाने.

२० मार्च
पुतळा दुरुस्त झालेला नाही. पलंगावर जिवंत माणूस हवा. मला विचारलं. मला. साफ नाही म्हणणार होते, तेवढ्यात कळलं की वीसातले दोन मार्क पेशंटच्या हातात असतात. हो म्हटलं. आता ये म्हणावं प्रश्नावलीला.

२३ मार्च, दुपारी
सकाळपासून पायावर खोटी जखम घेऊन पडलेय. अकराव्या नंबरला ती आली. मी ठरल्याप्रमाणे कण्हले, पाय झटकला, ट्रे कलंडवला. तिने सगळं परत मांडलं. मग थांबून म्हणाली, "मॅडम, सकाळपासून पाणी तरी दिलं का कुणी तुम्हाला?"
कुणी दिलं नव्हतं. तिने दिलं. पुन्हा हात धुतले. पट्टी बांधून होण्याआधी घंटा झाली.
धाकट्या मॅडम कानाशी येऊन म्हणाल्या, अकरा झालेत तिचे, पेशंटचे किती लिहू? तेराला दोनच कमी. म्हणजे माझ्यावरच होतं. वर्ष जाणार होतं पोरीचं, माझ्या पाय झटकण्यापायी. दोन लिहा म्हटलं. रागातच म्हटलं.

२४ मार्च
प्रश्नावली पास, काठावर. प्राचार्यबाई म्हणाल्या, पेशंटचं काम तुम्हाला छान जमतं, पुढच्या परीक्षेलाही तुम्हीच. मी होकार दिलेला नाही. खिडकीजवळचा पलंग मिळेल का, एवढंच विचारलं.