तंबूतली थप्पड

लातूर, एप्रिल १९८६

पंचशीले, जय भीम. आम्ही इथं खुशाल आहोत, एवढंच आईला वाचून दाखव. पुढचं तुझं तू वाच.

लातूर जिल्हा झाला, तुझ्या दाजींना कचेरीत काम लागलं, पण प्यायचं पाणी टँकरचंच. गावात टँकर येतो का गं? आईचे गुडघे कसे हायत?

परवा तंबूत सिनेमा बघितला. हिरोईन उलट बोलली, हिरोनं तिच्या थोबाडीत मारली, अन् ती लाजून त्याच्या गळ्यात पडली. गड्यांनी लई शिट्ट्या घातल्या. दाजींनीबी.

काल टँकरच्या रांगेत शेजारची नागुबाई नवऱ्याला, व्यंकटीला, म्हणाली, "एक घागर तुम्हीबी उचला की." व्यंकटीनं सिनेमातल्या हिरोसारखा हात मागं नेऊन तिच्या थोबाडीत ठेवून दिली. पोरांनी शिट्ट्या घातल्या. त्याला चेव आला, तो मारतच सुटला. नागुबाई काही लाजली न्हाई. तिचा दात पडला, घागरीतलं पाणी लाल झालं.

माझा नंबर यायचा होता, कळशी रिकामी होती. तीच व्यंकटीच्या डोक्यात घातली. कपाळ फुटलं. तवा कुणीच शिट्टी घातली न्हाई.

कळशीला पोचा आलाय. दाजींनी तो बघितला, तवापासून हळू बोलतात. कळशीच्या हिसक्यानं माझं मनगट सुजलंय, म्हणून अक्षर वाकडं. आईला सांग, पेन खराब हाय.

तुला बघायला येणारा मुलगा सिनेमाचा शौकीन हाय म्हणे. आला की मान खाली घालून बसू नको. असला थोबाडीत मारायचा सिनेमा बघितला का विचार. अन् त्यात शिट्टी कधी घातली, तेबी विचार.

तुझी अक्का,
गया