भेटाले यायची बंदी उठली

एकोडी,
१६ जून २०२१

चि. सौ. ललिता हिले वहिनीचा आशीर्वाद.

कारध्याले सारे बरे असान. इकडं धानाचे पऱ्हे टाकले. प्रविण शेतात बांधीवर असते, सून खुशबू घर पाहते. म्हैस व्याली. चीक शेजारी वाटून टाकला, घरात शिजवला नाही.

फोनवर तू "वहिनी" म्हणतेस, मी नुसतं "हो", आन् मंग दोघी गप. म्हणून लिहून राहिली.

तू दर खेपेले प्रविणले एकच विचारतेस, "मयताच्या घरी भेटाले जायचं सुरू झालं का?" पोरगा मोबाईलवर सरकारचा आदेश वाचते. किराणा एवढ्या वाजेपर्यंत, कटिंगचं दुकान सुरू, लग्नाले इतके, मयतीले तितके. सकाळी टीव्हीवर म्हणते उघडलं, संध्याकाळी म्हणते अजून ठरलं नाही. बहिणीनं भावाच्या घरी रडाले जावं का नाही, हे कोणी लिहिलंच नाही वो बाई! लिहिलं नाही म्हणजे चालते का नाही चालते, त्यालेबी समजत नाही.

तुहे दादा गेले तवा माणसं मोजून नेली. तुले नाक्यावरून परत पाठवलं. तुले वाटते, मी राग धरून आहो. येडी आहेस का? राग त्या दिवसाचा आहे, तुह्यावर कायले करू?

आपल्या घरी बहीण येऊन रडल्याबिगर गोड शिजत नाही, तुले माहीत आहे. चीक म्हणूनच वाटला.

काल ग्रामपंचायतीत गेली. भोजराज कोतवालाले म्हटलं, "भोंग्यावर सांग."

"काकू, आदेशात नाही ते कसं सांगू?"

"मंग बंदी कुठं लिहिली ते दाखव."

त्यानं सारे कागद उलटेपालटे केले, डोकं खाजवलं आन् भोंगा लावला. "समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की, कै. वासुदेवराव यांच्या घरी भेटायला येण्यास मनाई नाही. मास्क लावून यावे."

बायका आधी हसल्या, मंग एकेक करून आल्या. पदर डोळ्याले लावून बसल्या. मले मात्र रडू आलं नाही. गाव म्हणते, शकुंतला लय घट्ट आहे. घट्ट कायची वो! तुह्यासाठी थांबली आहो.

एकोडीचा भोंगा कारध्याले ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. येताना दोन मास्क आणजो. एक दारातच भिजन.

अजून न रडलेली,
तुही वहिनी
शकुंतला