कमरेची मोकळी जागा

३ जून
आज बेचाळीस आयांना भेटले. सगळ्यांना एकच प्रश्न — दिवस राहण्याआधी तुमचं वजन किती होतं? एकीलाही सांगता आलं नाही. एक म्हणाली, "काट्यावर यामचे कंद चढवतात बाई, बायका नाहीत." सगळ्या हसल्या. मीही. पण आमच्या इग्बो-ओरा गावात गल्लोगल्ली जुळी. त्याचा आईच्या आधीच्या वजनाशी काही संबंध आहे का, हे बघायचं तर ते वजन कळायला हवं ना!

६ जून
सापडलं — घरातच! आई शिवणकाम करते. इथं लग्न निघालं की अख्खं गणगोत एकाच कापडाचे कपडे शिवतं, म्हणजे निम्म्या गावाची मापं आईच्या वह्यांत, तारखेसकट. इंच म्हणजे किलो नव्हेत. पण बाई भरलेली होती की बारीक, एवढं तरी कळेल.
काही नावांपुढे मात्र कमरेचा आकडाच नाही. मी चिडले. "आई, विसरलीस?"
"विसरेन कशी? बाई पोटुशी असली की कंबर लिहीत नाही मी. येणाऱ्याला फितीनं मोजू नये. कापड जरा जास्त सोडायचं, झालं."
आणि मी पदवीधर त्याला निष्काळजीपणा समजत होते.

१९ जून
वह्या आणि मुलांच्या जन्मतारखा जुळवून झाल्या. अंगानं भरलेल्या बायकांना जुळी थोडी जास्त. थोडीच. जेवताना उत्साहानं सांगून टाकलं. आयिंके वहिनी वाढत होती — केहिंदेदादाची बायको, लग्नाला चार वर्षं, अजून मूल नाही, अंगानं काटकुळी. तिचा हात मध्येच थांबला.

११ जुलै
वहिनी दिवसातून पाच वेळा जेवते. कुटलेल्या यामचे गोळे, वर पामतेलाचं कालवण. "दोघं मागायचे तर जागा नको करायला?" म्हणून हसते. दोन पायऱ्या चढली की भिंत धरते.
हे माझ्यामुळे. मी शक्यता सांगितली, तिनं औषध ऐकलं.

१२ जुलै
तिला दवाखान्यात नेलं. रक्तदाब चढलाय. नर्स म्हणाली, "असं खाऊन जुळी होत नसतात. दुखणी होतात."
घरी येऊन आईची सगळ्यात जुनी वही काढली. आईचं स्वतःच्या लग्नातलं माप — कंबर तेवीस. "बघ वहिनी. दादा आणि तायवोताई, या जुळ्यांची आई. केरसुणीची काडी नुसती!"
"मग आईंना जुळी कशानं झाली?"
"मला माहीत नाही." पदवी मिळाल्यापासून हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.
आई मशीनवरून मान न वळवता म्हणाली, "पाठ एकच असते, आयिंके. एक लेकरू पाठीशी बांधलं की दुसरं रडतं. आणि मी सून आणली होती, जुळी नव्हती मागवली."
वहिनी रडली. मग आईच्या पायाशी बसून काजं करू लागली.

३० जुलै
वहिनी भुकेपुरतं जेवते. रक्तदाब उतरतोय.

२१ सप्टेंबर
चुलतभावाच्या लग्नाचं कापड आलं, गर्द निळं. आई मापं सांगत होती, मी वहीत लिहीत होते. वहिनीचा खांदा, छाती, बाही. फीत कमरेशी आली तेव्हा वहिनीनं ती हळूच धरली.
आईनं फीत गुंडाळून गळ्यात टाकली. मला म्हणाली, "ती जागा मोकळी सोड."
एक की दोन — मी विचारलं नाही.