पाळण्यावरचे शंख

जरीपटका, नागपूर
भर वैशाखातली दुपार

प्रिय गोपिका,

धाकट्या बहिणीला थोरल्या दादाचा सप्रेम जयभीम.

शालिकरावजींचा गुडघा कसा आहे? (त्यांना सांग, तेल गुडघ्याला चोळायचं असतं, बाटली उशाशी ठेवून आराम पडत नाही.) सूनबाई काजलचा खोकला थांबला का? म्हैस पुन्हा दूध द्यायला लागली की अजून तुझ्यावर रुसूनच आहे? आणि तुझी तब्येत? तू दर वेळी "मले काय धाड भरली" म्हणून उडवून लावतेस, म्हणून मुद्दाम विचारतो. पारशिवनीलाही असंच ऊन असेल. इथे तर दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही.

माझी दीक्षा आणि तिचं बाळ खुशाल आहेत. फोन असताना दादा पत्र काहून लिहून राहिला, असं तुला वाटेल. माझ्या कानांमुळे ती पोरगी फोन लाऊडस्पीकरवर ठेवते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको. तेव्हा हे पत्र एकटीनं वाच.

चैत्रात तुझ्याकडे आलो होतो तेव्हा शेताच्या धुऱ्यावरच्या अंजनाच्या खोडाला चिकटलेले ते दुधी रंगाचे, टोकदार, काळ्या ठिपक्यांचे शंख तू मला खरवडून दिले होतेस. "मेल्या गोगलगायी आहेत, दादा, ने पाळण्यावर टांगाले," म्हणालीस. पाळण्यावरचं झुंबर आपल्यात बाळाच्या आजीनं करायचं असतं, पण तुझी वहिनी गेल्या पावसाळ्यात गेली, मग ते काम माझ्याकडे आलं. शंखांची तोंडं पापडासारख्या पापुद्र्यानं बंद होती. मला वाटलं, मेल्यावर होत असेल तसं. एकेकाला दोऱ्याचा फास घातला (भोक पाडायचा धीर झाला नाही, हे बरंच झालं), बांबूच्या कडीला बांधले आणि दीक्षाच्या खोलीत पाळण्यावर लटकवले. कूलर बाजूच्या खोलीत, वारा थेट बाळावर नको म्हणून. पण वाळ्याचा ओला वास आणि दमट गारवा इकडे भरून राहतो. पडदे ओढले की भर दुपारी खोलीत विहिरीच्या तळासारखा हिरवट अंधार.

त्या अंधारात एकदा लाईट गेली. कूलर बंद, पंखा बंद, आणि झुंबर आपलं सावकाश फिरतंय. दीक्षा म्हणाली, बाबा, पाहा. मी पाहिलं आणि शहाण्यासारखं सांगितलं की वारा असेल. (वारा! नागपुरात! वैशाखात!) मग शंख कमी व्हायला लागले. दोरे जागच्या जागी, गाठी जशाच्या तशा, फास रिकामे. बोटातून अंगठी न काढता बोटच काढून न्यावं तसे. मग भिंतीतून आवाज यायला लागला, खर्र खर्र, बारीक, थांबून थांबून. तुझी वहिनी दुपारी पडल्या पडल्या सुपारी चघळायची, आठवतं ना? तसाच. बाळ आढ्याच्या कोपऱ्याकडे टक लावून बघायचं आणि खुदकन हसायचं. आणि एक दिवस पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप तुझ्या जिजावहिनीच्या फोटोवर पडली, तर तिच्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एक चकचकीत रेघ. पुसली. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांखाली.

आता आपली पंचाईत बघ. आपल्या बाबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून तो दोन अक्षरी शब्द आपल्या घरात बंद आहे. याच बुद्धपौर्णिमेला मी विहारात "असं काही नसतं" या विषयावर भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. त्यामुळे जो तो त्या शब्दाला वळसा घालून बोलायला लागला. शेजारीण म्हणाली, हवा बदलली. दूधवाला म्हणाला, घर भरल्यासारखं वाटते. मी म्हणायचो, काही नाही, काही नाही, आणि संडासला जाताना खोकत जायचो.

त्यात दीक्षाच्या सासूबाई रामदासपेठेतून नातवाला बघायला आल्या. शामलाबाई बाई मोठी हुशार, तितकीच करारी. पाळण्याजवळ खुर्ची टाकून चहा घेत होत्या. मधेच कप बशीवर वाजला. त्या ताठ उभ्या राहिल्या, मानेवर हात ठेवला, मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. रंग उडालेल्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "भाऊ, इथलं वातावरण बाळाले मानवत नाही. रविवारी मी दोघांलेही घेऊन जातो." गोपिका, तुला तर माहीत आहे. सव्वा महिना पोर माहेरी राहणार, बाळ मांडीवर खेळवीन, एवढ्या आशेवर मी हे वर्ष काढलं. उद्या बाळ गेलं की हे घर आहे आणि मी आहे.

म्हणून दुसऱ्या दुपारी दीक्षा अंघोळीला गेली तशी मी स्टूल घेऊन फोटोसमोर बसलो. खर्र खर्र सुरू झालं. तरी बसून राहिलो. फोटोच्या चौकटीवरून काहीतरी दुधी रंगाचं हळूहळू काचेवर उतरलं आणि जिजाच्या कपाळावर, टिकली लावायची तिथं, थांबलं. तुझ्यापासून काय लपवू, मी म्हणालो, "जिजा?" त्यानं दोन शिंगं बाहेर काढली. शिंगांच्या टोकाला डोळे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टुलासकट मागे पडलो.

उठून फोटो उतरवला तर मागच्या भिंतीला सगळ्या चिकटलेल्या, गर्दी करून, चुना खात. मेल्या नव्हत्याच, बाई! उन्हाळ्यापुरतं दार लावून झोपल्या होत्या, आणि आपल्या कूलरला पावसाळा समजून उठल्या.

सगळ्या डब्यात भरल्या. शामलाबाईंना बोलावून स्वयंपाकघरात झाकण उघडून दाखवलं. "अवो माय! मंग असं सांगा ना भाऊ, मले वाटलं..." एवढं म्हणून त्या शब्दापाशी अडखळल्या आणि हसायला लागल्या. बाळ सव्वा महिना इथंच राहील, हे कबूल झालं. मी म्हटलं, विहीणबाई, फक्त दीक्षाला काही सांगू नका. कारण त्याच सकाळी ती मला म्हणाली होती, "बाबा, आई रोज येऊन राहिली. बाळाले पाहून जाते. मले भेव नाही लागत." आता अशा पोरीला डबा कसा दाखवू? शामलाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "माह्या पोटातच राहीन." दारातून मात्र परत वळल्या. म्हणाल्या, "पण भाऊ, मानेवर जे लागलं, ते गरम होतं." मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

गोगलगायी अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडावर सोडून दिल्या.

तुझा दादा,
धोंडबा

ता. क. शालिकरावजींना तेलाची नवी बाटली पाठवतो.

ता. क. २. भिंत आता गप्प आहे, फोटो स्वच्छ. काल दीक्षा जेवली नाही. फोटोकडे बघत म्हणाली, "बाबा, आई काहून नाही येऊन राहिली? माह्यावर रुसली का?" सरळ लिंबाखाली गेलो, पण त्या पार शेंड्यावर चढल्या आहेत आणि काट्यांत हात घालून या वयात किती चढणार?

ता. क. ३. तेव्हा हे सगळं लिहिलं ते याच्यासाठी. अंजनावरच्या आणखी मूठभर खरवड, पापुद्रा फाटू देऊ नकोस. कोरड्या डब्यात घालून, वर "दादाच्या पोटाचं चूर्ण" असं लिहून, येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठव. दीक्षा चूर्णाला हात लावत नाही. फोन मात्र करू नकोस. पत्रच लिही, आणि लवकर लिही. सव्वा महिना सरत आला आहे.