अक्काची गाडी सुखरूप आहे

ती. अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, धाकूचा साष्टांग नमस्कार. बंगळूरची हवा तुला मानवली असेल, प्रांजलच्या घरचं सांबार पचत असेल आणि तुझे गुडघे नाहूरच्या घरी होते त्यापेक्षा कमी कुरकुरत असतील, असं धरून चालतो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर काही पाठवलं तर तो तुझा मुलगा तुझ्या आधी वाचतो, म्हणून पत्र. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सांभाळायला ठेवलेली तुझी ती चालायला त्रास होणाऱ्यांची, चारचाकी बॅटरीची स्कूटर सुखरूप आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

गाडी टेम्पोतून चारकोपला आमच्या दारात उतरली ती चालेचना. चावी फिरवली, दिवा लागला, गाडी ढिम्म. आधी गिरणीत, मग कारखान्यात, असा जन्म फिटर म्हणून काढलेला माणूस मी, बाहेरच्याला कशाला बोलावू? सीट काढली, पुढची बास्केट काढली, आणि मग ते सगळं परत बसेना म्हणून इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या देवव्रत मेकॅनिकला बोलावलं. त्याने वाकून मागच्या चाकाजवळची एक दांडी ओढली (गाडी हाताने ढकलता यावी म्हणून टेम्पोवाल्याने ती सैल करून ठेवली होती), सीट-बास्केट बसवली, चहा घेतला आणि गेला. आमच्या सौ. शकुने माझा पाना-पकडीचा डबा उचलून माळ्यावर ठेवायला लावला. तेच जास्त लागलं.

पुसायची ती कोरड्या फडक्याने, पाणी लावायचं नाही, असं तू बजावलं होतंस. पाणी लावलं नाही. पण कोरड्या फडक्याने सीटला चमक येईना, म्हणून थोडं खोबरेल लावलं. झकास चमकली. मग हॉलमध्येच बसून बघितलं. वेग कमीजास्त करायच्या बटणावर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा आहे, हे मला चष्मा नसल्यामुळे दिसलं नाही. गाडी सशावर होती. ती उसळली तसा मी तेलावरून मागे घसरलो, घसरताना हँडलची पट्टी घट्ट धरली, आणि तीच पट्टी दाबल्यावर गाडी पळते. चपलांच्या रॅकचं काही उरलं नाही. तुझी बास्केट किंचित वाकडी झाली आहे (आता नारळ तिच्यात जास्त चांगला बसतो).

बॅटरी मरू नये म्हणून गाडी आठवड्यातून एकदा फिरवायची, ही तुझी शेवटची सूचना. पहिल्या रविवारी मी कासवावर ठेवून सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळपर्यंत चार शेजारी शहाळी घेऊन माझ्या तब्येतीची चौकशी करायला आले. एकाने तर निलेशला फोन करून, 'मुलाने अशा वेळी बापाजवळ असावं,' असं सुनावलं. माझा मुलगा घाबरून मालाडहून रिक्षाने आला.

शकु चिडली. तुला माहीत आहे, खुब्याच्या ऑपरेशननंतर अकरा महिने ती गेटच्या बाहेर पडली नव्हती. काठी घेऊन जायची लाज. मी गाडीबद्दल सुचवलं की एकच उत्तर, "लोक काय म्हणतले?" पण त्या दिवशी म्हणाली, "उतरा खाली. धडधाकट माणूस आजारी दिसतोय. अक्कांची बॅटरी मरायला नको, मी गेटपर्यंत नेऊन आणते."

गेटपर्यंत गेली. तिथे थांबली. मी मागे उभा होतो, मला वाटलं आता वळेल. ती रस्त्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग मागे न बघता म्हणाली, "पिशवी आणा." मी पिशवी घेऊन येईपर्यंत ती बाजाराच्या वळणावर पोचली होती.

मासेवालीने तिला बघून कोयता खाली ठेवला, हात पुसले आणि उठून तिच्या गालांवरून बोटं फिरवली. "वहिनी, मला वाटलं तुम्ही गावी गेलात." शकुचे डोळे भरले, मी बोंबलांकडे बघत राहिलो. मग शकुने एक बांगडा उचलून त्याचे कल्ले उघडले, मला बोलावून दाखवले आणि म्हणाली, "ताजा बांगडा असा असतो. अकरा महिने तुम्ही मला काय खायला घातलंत?" मासेवालीने माझी बाजू घेतली नाही.

आता दर गुरुवारी ती भजनाला जाते, सोमवारी बाजारात, आणि मधल्या दिवशी उगाच. बॅटरी उत्तम आहे. मला गाडीला हात लावायची मनाई आहे.

तुझा,
धाकू

ता. क. बंगळूरची हवा गुडघ्यांना फार चांगली असते असं ऐकलं. आणखी तीन महिने राहिलीस तरी आमची अडचण नाही. प्रांजलला मी समजावतो.

ता. क. दुसरा. अक्का, नमस्कार, मी शकु. पत्र पाकिटात घालायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ह्यांचं ऐकू नका, ठरल्या दिवशी या. मी निलेशकडून माझ्यासाठी वेगळी गाडी मागवली आहे, ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही आलात की दोघी मिळून गोराईच्या खाडीपर्यंत जाऊ. हे पिशव्या घेऊन मागून येतील. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं आहे.